घरच्या पडद्यावर ‘प्रभात’

आषाढी एकादशीला दूरचित्रवाणीच्या एखाद्या मराठी वाहिनीवर ‘संत तुकाराम’ लागतो, तेव्हा तो बसून पाहणारी घरे फार थोडी असतात. स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी होत असते, कोणी वर्तमानपत्र चाळत असते, अभंग सुरू झाला की आवाज थोडा वाढवला जातो आणि शेवटी आकाशातून विमान उतरले की घरातील ज्येष्ठ मंडळी हात जोडतात. ‘प्रभात’च्या चित्रपटांविषयी महाराष्ट्राला आदर आहे, यात शंका नाही. पण ज्याचे केवळ दर्शन घेतले जाते ते नीट पाहिले जात नाही. देवघरातील तसबिरीसारखे हे चित्रपट भिंतीवर टांगले गेले आणि त्यांच्यातील विनोद, राग, धिटाई हे सारे त्या आदराखाली झाकले गेले.

वास्तविक हे चित्रपट बनले ते करमणुकीसाठी. तिकीट काढून आलेल्या, प्रसंगी कंटाळून उठून जाऊ शकणाऱ्या प्रेक्षकासाठी. घरी पाहतानाही त्यांना तीच कसोटी लावावी. त्यांतील बहुतेक तिला उतरतात आणि जे उतरत नाहीत ते का उतरत नाहीत हे समजण्यातही गंमत आहे. मात्र त्यासाठी क्रम निवडावा लागतो. कालानुक्रमाने, म्हणजे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून सुरुवात करणारा नवा प्रेक्षक दुसऱ्या चित्रपटापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमीच.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीताराम कुलकर्णी हे पैशाची बाजू सांभाळणारे. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. त्यानंतरची आठ-नऊ वर्षे हा तिचा बहराचा काळ. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले निवर्तले आणि १९५३ मध्ये कंपनीच बंद झाली. तिच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. म्हणजे ज्या चित्रपटांविषयी येथे लिहायचे आहे ते सारे जेमतेम एका तपात घडले. तेही अशा लोकांच्या हातून, ज्यांतील बहुतेकांचे शालेय शिक्षण यथातथाच होते आणि जे सुतारकाम, रंगकाम, यंत्रांची दुरुस्ती असे सारे काही स्वतः करीत.

आरंभ ‘कुंकू’पासून

पहिल्या बैठकीसाठी ‘कुंकू’ (१९३७) निवडावा. कारण साधे आहे. या चित्रपटाला समजून घेण्यासाठी पूर्वतयारी लागत नाही, तो आपण होऊन प्रेक्षकाला पकडतो. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवून एका वृद्ध, विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्नच मानण्यास नकार देते. ती पळून जात नाही, विहीर जवळ करीत नाही, आसवेही फारशी गाळीत नाही. त्याच घरात राहून ती ‘नाही’ म्हणत राहते आणि त्या एका शब्दावर जवळजवळ सगळा चित्रपट उभा आहे.

शांता आपटे यांची नीरा आजही ताजी वाटते ती तिच्या संतापामुळे. त्या काळच्या नायिकेला दुःख शोभत असे, संताप शोभत नसे. येथे नायिका दात-ओठ खाते, उलट उत्तरे देते, आणि लगट करू पाहणाऱ्या सावत्र मुलाला अशा रीतीने ताळ्यावर आणते की चित्रपटगृहात शिट्ट्याच वाजल्या असतील. (या अभिनेत्रीचा पडद्याबाहेरील स्वभावही काही मवाळ नव्हता. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा त्यांनी ‘प्रभात’च्याच फाटकासमोर उपोषण मांडले होते.)

तरीही चित्रपट एकतर्फी होत नाही, याचे श्रेय केशवराव दाते यांना द्यावे लागेल. त्यांचे काकासाहेब खलनायक नाहीत. आपण चूक केली हे त्यांना हळूहळू उमगत जाते आणि हे उमगणे दाते चेहऱ्यावरच्या अगदी बारीक हालचालींतून दाखवितात. रंगभूमीवर मुरलेला हा नट कॅमेऱ्यासमोर आवाज किती खाली आणतो, हे मुद्दाम लक्ष देऊन पाहावे.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. हे वाक्य माहितीपुस्तकांत येते आणि वाचणारा पुढे जातो; पण घरी शांतपणे पाहताना त्याचा अर्थ कळतो. भिंतीवरचे घड्याळ, पावले, दार, रस्त्यावरचे आवाज यांखेरीज काही ऐकू येत नाही. गाणी आहेत, पण त्यांतही ग्रामोफोनसारखे घरात खरोखर असणारे निमित्त शोधलेले आहे. संगीतकार केशवराव भोळे यांनी आपली वाद्ये बाजूला ठेवण्यास संमती दिली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. घड्याळाच्या टोल्यांकडे मात्र आरंभापासून कान असू द्यावा. म्हाताऱ्याचे उरलेले आयुष्य त्यात मोजले जात आहे, हे दिग्दर्शक एकदाही शब्दांत सांगत नाही. पाहताना पंखा बंद करता आला तर उत्तम.

एका प्रसंगात नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. अनेकांना हा भाग उपरा वाटतो. तसा तो आहेही. पण शिकलेल्या मुलीच्या हाती त्या वेळी धीराचे जे शब्द होते त्यांत हे शब्दही होते, हे विसरू नये. सावत्र मुलगी सुशीलेच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. संततिनियमनाच्या प्रचारासाठी ज्यांनी प्रत्यक्ष आयुष्य वेचले त्या याच. त्या पडद्यावर येतात तेव्हा नटी आल्यासारखे वाटत नाही, सभेहून परतलेली कोणी ओळखीची बाई घरात शिरली असे वाटते.

शेवटाबद्दल मात्र भाबडेपणा नको. काकासाहेब नीरेला पुनर्विवाहाचा सल्ला देऊन स्वतःला संपवितात आणि प्रश्न सुटतो. सुटतो तो म्हाताऱ्याच्या उदारपणाने. नीरेच्या नकाराला एरवी काय किंमत मिळाली असती, याचे उत्तर चित्रपटाने टाळले आहे. घटस्फोटाचा कायदा नसलेल्या काळात कथेला दुसरी वाट फारशी नव्हती, हे खरे. पण घरात हा चित्रपट पाहिल्यावर चर्चा व्हायची असेल तर ती या शेवटावरच होईल, आणि ती व्हावी.

आवलीचा चित्रपट

‘कुंकू’नंतर ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहावा, म्हणजे तो भक्तिपट म्हणून न दिसता एका संसाराची गोष्ट म्हणून दिसतो. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे. कंपनीत दामलेमामा आणि साहेबमामा या नावांनी ओळखली जाणारी ही जोडी. एक ध्वनिमुद्रणात निष्णात, दुसरा चित्रकार आणि कलादिग्दर्शक. दोघेही अबोल. त्यांच्या हातून बनलेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करीत. त्यांचे गाणे ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते : ते मैफल करीत नाहीत. तान जवळजवळ नाही, शब्द स्वच्छ, आणि गाताना चेहऱ्यावर प्रेक्षकासाठी काही ठेवलेले नाही. याच्या शेजारी भागवत यांनी रंगविलेला सालोमालो ठेवून पाहावा. तो तुकारामांच्याच रचना आपल्या म्हणून मिरवतो आणि त्या नाटकी थाटात, हातवारे करीत, गळा फिरवीत गातो. दोघांच्या गाण्यातील हा फरक म्हणजेच चित्रपटाचा युक्तिवाद आहे. कोणाची भक्ती खरी, हे संवादांनी सिद्ध करण्याची गरजच राहत नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तर तुकोबांच्या वळणाशी इतके एकरूप झाले की अनेक जाणकारांनीही ते अस्सल अभंग म्हणून स्वीकारले होते.

परंतु चित्रपटाचे खरे केंद्र आवली आहे. गौरी नावाच्या ज्या स्त्रीने ही भूमिका केली ती प्रशिक्षित अभिनेत्री नव्हती. कंपनीत किरकोळ कामे करणाऱ्यांपैकी ती एक. नवऱ्याला विठ्ठल दिसतो आणि हिला रिकामे मडके दिसते. मुले उपाशी आहेत, म्हैस धुवायची आहे, आणि दारात टाळ वाजत आहेत. आजारी मुलामुळे हवालदिल झालेली आवली हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते, तो प्रसंग एखाद्या भाविक चित्रपटात असू शकतो यावर आज विश्वास बसणे अवघड. आज कोणी तसा लिहिला तर तो चित्रित होईल का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. १९३६ च्या प्रेक्षकाने तो हसत, डोळे पुसत पाहिला. त्याला त्यात देवाचा अपमान दिसला नाही, भांडणाइतकी जवळीक दिसली.

चमत्कारांच्या दृश्यांत कॅमेऱ्याच्या करामती आहेत आणि आजच्या मुलांना त्या पाहून हसू येते. येऊ द्यावे. त्यांना एवढेच सांगावे की येथे संगणक नव्हता. ही गरुडाकृती विमाने, हे दृष्टान्त स्टुडिओतल्या कारागिरांनी लाकूड, पुठ्ठा आणि कॅमेऱ्यातील दुहेरी चित्रण यांतून उभे केले. पण शेवटच्या दृश्यात नजर विमानाकडे न जाता खाली राहावी. तुकाराम वैकुंठाला निघाले आहेत, बायकोला ‘चल’ म्हणत आहेत, आणि ती आपल्या चुलीपाशी गुंतली आहे. मुलांच्या पोटाचे पाहणाऱ्या बाईला वैकुंठाला जायला सवड नाही. चित्रपट हात जोडायला लावतो आणि त्याच क्षणी एक ठसठशीत शंकाही मागे ठेवतो. अशी तोलदार जागा पुढे मराठी संतपटांत फारशी आली नाही. याच जोडीने केलेला ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) अधिक भव्य आहे, त्यात शाहू मोडक आहेत, भिंत चालते. परंतु त्यात आवली नाही, आणि ही उणीव फार जाणवते.

पोलिस आणि मैना

‘माणूस’ (१९३९) हा या मालिकेतील सर्वांत आधुनिक चित्रपट. गणपत हा साधा पोलिस शिपाई एका छाप्याच्या वेळी मैना या वेश्येला वाचवतो आणि मग तिला आपल्या आईसमोर उभी करण्याइतपत तिच्यात गुंततो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या या भूमिका. आईच्या भूमिकेत सुंदराबाई आहेत, ज्यांचे गाणे त्या काळी तबकड्यांवरून घरोघरी पोहोचले होते.

न्यू थिएटर्सच्या ‘देवदास’ने (१९३५) देशभर जी हळवी लाट आणली, तिला उत्तर म्हणून शांताराम यांनी हा चित्रपट केला असे सांगितले जाते. त्याची खूण चित्रपटात जागोजाग दिसते. प्रेम फसले म्हणून माणसाने दारूत बुडून मरायचे की सकाळी उठून कामावर जायचे, हा त्यातला प्रश्न आहे. एका प्रसंगात गणपत आणि मैना चित्रीकरणाच्या ठिकाणी जाऊन पोहोचतात आणि तेथे चाललेल्या गोड गोड प्रेमप्रसंगाची यथेच्छ टर उडवली जाते. बॉम्बे टॉकीजच्या वळणावर मारलेली ही कोपरखळी होती. ज्यांनी ‘अछूत कन्या’ पाहिला आहे त्यांना ती अधिक कळेल.

मैनेचे अनेक भाषांतून फिरणारे गाणे सर्वांना ठाऊक आहे आणि ते सुटे ऐकणाऱ्यांना ते आनंदाचे गाणे वाटते. चित्रपटात ते कोठे, कोणासमोर आणि का गायिले जाते हे पाहिल्यावर पुन्हा तसे ऐकता येत नाही. गिऱ्हाईक ज्या भाषेचे त्या भाषेत ते फिरते. चहावाल्या पोऱ्याच्या भूमिकेत दिसणारा मुलगा म्हणजे पुढे नाट्यसंगीताच्या क्षेत्रात मोठे नाव झालेले राम मराठे.

शेवटी मैनेच्या हातून तिच्या दुष्ट मामाचा खून होतो आणि तिला सोडवायला आलेल्या गणपतला ती नकार देते. पाहणाऱ्याला ही सुटका हवी असते. ती न देण्याचे धैर्य चित्रपटात आहे. पण पतित स्त्रीला संसार मिळू नये या जुन्या संकेताशी ते धैर्य नकळत जाऊन मिळते, हेही नोंदवावे लागेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

जे नंतर पाहावे

‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आता, म्हणजे चौथ्या किंवा पाचव्या बैठकीला घ्यावा. सर्वांत जुना उपलब्ध मराठी बोलपट म्हणून त्याचे मोल आहे. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत उरलेली नाही, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे हा चित्रपट पाहायला मिळतो याचेच नवल वाटू लागते. पार्श्वगायन अजून रुळायचे होते; गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे सेटवर अभिनय करतानाच गातात आणि ते गाणे त्याच क्षणी मुद्रित होते. त्यामुळे नट माइकच्या पल्ल्याबाहेर जाऊ शकत नाहीत, दृश्ये नाटकातील प्रवेशांसारखी ताठ वाटतात. परंतु दुर्गाबाईंची तारामती जेव्हा बोलते तेव्हा हा ताठपणा विसरला जातो. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्रीने पडद्यावर येणे हाच त्या वेळी धक्का होता.

‘अमृतमंथन’ (१९३४) हा पुण्यातील नव्या स्टुडिओत तयार झालेला पहिला चित्रपट. बळीची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि त्याचा काटा काढणारा राजगुरू अशी ही कथा. ती तपशिलात फार गुंतागुंतीची आहे आणि मधला भाग रेंगाळतो. पण हिंदी आवृत्तीत राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडद्याभर येतो, ते दृश्य विसरता येत नाही. मोठ्या पडद्यावर तो डोळा कसा दिसत असेल याची कल्पना घरी करावी लागते. घरगुती पडद्याची मर्यादा जिथे सर्वाधिक जाणवते ती हीच जागा.

बालगंधर्वांना पडद्यावर पाहण्याच्या इच्छेने ‘धर्मात्मा’ (१९३५) कडे वळणाऱ्यांनी अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. ज्यांनी रंगभूमीवर स्त्रीसौंदर्याचा आदर्श घडवला ते येथे संत एकनाथांच्या वेषात आहेत आणि कॅमेऱ्यासमोर अवघडलेले दिसतात. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरने ते बदलायला लावले, कारण त्या शब्दातून एकच माणूस आठवत होता. अस्पृश्यतेचा विषय आणि हे नामांतर यांसाठी चित्रपट पाहण्याजोगा आहे.

‘रामशास्त्री’ (१९४४) शांताराम गेल्यानंतरचा. गजानन जागीरदार यांनी शीर्षक भूमिका केली आणि दिग्दर्शनाची सूत्रेही सांभाळली. पूर्वार्धातील बालपणाचा भाग, त्यातील चिमुकल्या नवरा-बायकोची जोडी, फार गोड आहे. लहान मुलांबरोबर पाहायचा असेल तर याच चित्रपटाने सुरुवात करण्यास हरकत नाही. उत्तरार्धात नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा न्याय येतो. ललिता पवार यांची आनंदीबाई आणि जागीरदारांचा न्यायाधीश समोरासमोर उभे राहतात, तेव्हा संवादांना जो भार येतो तो १९४४ च्या प्रेक्षकाला केवळ पेशवाईपुरता वाटला असेल असे नाही. सत्ताधाऱ्याला तोंडावर दोषी म्हणणारा न्यायाधीश परकीय राज्यात पडद्यावर आला होता.

प्रत कोणती, पडदा कोणता

पुस्तकाची आवृत्ती पारखून घेणारा वाचक चित्रपटाची प्रत पारखीत नाही. येथे ते करणे आवश्यक आहे, आणि त्याचे कारण दुःखद आहे. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. ही फीत अतिशय ज्वालाग्राही. एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही, आणि न पेटताही ती वर्षानुवर्षे आतून कुजत जाते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तेथे ठेवलेल्या सहाशेहून अधिक चित्रपटांची मूळ रिळे नष्ट झाली. ‘प्रभात’च्या मूळ फिती त्यांत होत्या. ज्या आवारात हे चित्रपट जन्मले, त्याच आवारात ते जळाले.

बहुतेकांच्या प्रती आधीच दुसऱ्या, सुरक्षित फितीवर उतरवून घेतलेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचले. पण मूळ फितीतून जितके तेज आणि जितका बारकावा पुन्हा काढता आला असता तितका आता काढता येत नाही. प्रतीवरून प्रत, तीवरून व्हिडिओ कॅसेट, तीवरून व्हीसीडी, आणि तीच इंटरनेटवर, असा प्रवास करून आलेले चित्र घरी दिसते तेव्हा फत्तेलाल यांच्या सेटवरील छायाप्रकाश राखाडी चिखलासारखा दिसू लागतो. दोष त्यांचा नव्हे. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती मिळत असतील तर प्रत्येकीची पाच मिनिटे पाहून मगच बसावे. लांबीही तपासावी. ‘संत तुकाराम’ १३१ मिनिटांचा आहे. त्याहून बरीच आखूड प्रत हाती आली तर काहीतरी गळाले आहे असे समजावे, आणि बहुधा जे गळते ते गाण्यांच्या मधले असते.

बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटाच्या वाट्याला इतकेही आले नाही. तरुण शांताराम त्यात शेतकरी झाले होते. वास्तववादी भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून त्याचे नाव घेतले जाते; पण नाव घेणाऱ्यांतील जवळजवळ कोणीच तो पाहिलेला नाही, कारण त्याची प्रत उरलेली नाही.

राहिला पडद्याचा प्रश्न. हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी, चारास तीन या प्रमाणाच्या आसपास, चित्रित झालेले आहेत. जुन्या दूरचित्रवाणी संचांवर ते आपोआप बसत. रुंद संचावर मात्र चित्र ताणून पडदा भरला जातो आणि पागनीस लठ्ठ दिसू लागतात. संचाच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण निवडावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर त्या येऊ द्याव्यात. चित्र मोठे करून वरखाली कापले जाण्याचा प्रकार तर त्याहून वाईट, कारण मग कपाळावरचे कुंकूच चौकटीबाहेर जाते. आवाजाच्या बाबतीत सभोवार घुमणाऱ्या नव्या करामती बंद ठेवाव्यात. एकाच दिशेने येणारा, थोडा खरखरता आवाज हाच मूळचा. पहिली दहा मिनिटे संवाद तुटक ऐकू येतात, मग कान सरावतो. तेवढा धीर धरावा. आणि सर्वांत मोठी सूचना अशी, की मध्ये थांबवू नये. हे चित्रपट अडीच तासांच्या आसपासचे आहेत, मध्यंतर धरून रचलेले आहेत. तेथे एकदा थांबून चहा घ्यावा, एरवी नाही.

दोन शेजारी, दोन आवृत्त्या

घरी पाहण्याचा एक लाभ चित्रपटगृहाला कधीच देता आला नसता. ‘प्रभात’चे बहुतेक बोलपट मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत, त्याच सेटवर, काही नट बदलून चित्रित होत. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ अशा या जोड्या. आज एका संध्याकाळी एक आणि दुसऱ्या संध्याकाळी दुसरी पाहता येते, आणि भाषा बदलली की प्रसंगाची लय कशी बदलते ते कळते. सामान्यतः मराठी आवृत्ती अधिक घरगुती वाटते. पण प्रत्येक वेळी ती सरसच असते असे मानण्याचे कारण नाही. ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन आठवतातच.

ही तुलना करण्यासाठी सर्वांत उत्तम जोडी ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) ही आहे. विश्राम बेडेकर यांनी लिहिलेला हा ‘प्रभात’साठीचा शांताराम यांचा अखेरचा चित्रपट. एका गावात जिवबा आणि मिर्झा हे दोन वृद्ध मित्र राहतात. बुद्धिबळ, एकमेकांची थट्टा, एकमेकांचे सण हे त्यांचे आयुष्य. गावाजवळ धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाला जमीन हवी आहे आणि हे दोघे एकत्र असेपर्यंत ती मिळणार नाही. म्हणून त्यांच्यात फूट पाडली जाते. मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता आणि पुढच्या वर्षी हा चित्रपट आला. त्या काळात याहून तातडीचा विषय दुसरा नव्हता.

भांडण धर्मावरून सुरू होत नाही, हे या पटकथेचे शहाणपण. ते घर, न्याय, मुलगा, अपमान अशा साध्या गोष्टींवरून सुरू होते आणि दोन म्हातारे अबोला धरून बसतात. तो अबोला पाहताना हसूही येते आणि गलबलतेही. समूहनृत्याचा सुप्रसिद्ध प्रसंग आहे, मास्टर कृष्णराव यांचे संगीत आहे, छोट्या प्रतिकृतींनी उभे केलेले धरण फुटते ते दृश्यही तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारे आहे. पण चित्रपट लक्षात राहतो तो त्या पटावरून. खेळायला समोर कोणी नाही, आणि सोंगट्या मांडलेल्याच आहेत.

मराठीत जिवबा केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीतही मिर्झा जागीरदारच आहेत. पण हिंदू ठाकूरच्या भूमिकेत मजहर खान आहेत. म्हणजे ‘पडोसी’त हिंदू नट मुसलमान झाला आहे आणि मुसलमान नट हिंदू. जाहिरातीत किंवा संवादांत याचा गाजावाजा न करताही प्रेक्षकाला ते ठाऊक होते. दात्यांचा जिवबा अधिक तऱ्हेवाईक आणि अधिक दुखावलेला. मजहर खान यांचा ठाकूर भारदस्त, आवाजाने मोठा, आणि म्हणूनच कोसळताना अधिक हेलावणारा. दोन्ही आवृत्त्यांत शेवटी फुटणाऱ्या धरणावर दोघे मित्र एकमेकांपर्यंत पोहोचतात आणि पाण्यात जाताना त्यांचे हात एकमेकांच्या हातात असतात. दोन्ही शेवट एकापाठोपाठ एक लावून पाहावेत. चौकट तीच आहे, पाणी तेच आहे, एक हात बदललेला आहे.